चुना, कोळसा आणि चौरस फूट

घराचे भाव कुठे चाललेत, हे विचारण्याआधी राजूर कोणतं ते ठरवावं लागतं. एक राजूर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या वाटेवर. दुसरं जालन्यातल्या भोकरदन तालुक्यात, गणपतीचं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात शेवटी काना लावून राजुरा आहे. आमचं यवतमाळ जिल्ह्यातलं, वणी तालुक्यातलं, आणि पुढे ‘कॉलरी’ जोडल्याशिवाय कुणाला न कळणारं.

पुण्याला वाकडमध्ये राहणाऱ्या माझ्या भाच्यानं मध्यंतरी मोबाइलवर अभ्यास केला आणि फोन केला. “मामा, राजूरला प्लॉटचे रेट जबरदस्त चाललेत. धरण जवळ, डोंगर, होम-स्टेला भरपूर स्कोप.” म्हटलं, बाबा, ते अहिल्यानगर जिल्ह्यातलं. आमच्याकडेही खिडकी उघडली की डोंगर दिसतो, पण तो कोळशाचा असतो आणि मालगाडी लागली की कमी होतो. होम-स्टेही आहे. ट्रक ड्रायव्हर करतात, ट्रकमध्येच.

भाचा निराश झाला नाही. तो कंपनीत डेटाचं काम करतो. “मग तुमच्या राजूरचा ट्रेंड काय आहे?” त्यानं विचारलं. हा प्रश्न मी त्याच संध्याकाळी पानठेल्यावर नेला, आणि तिथून तो अजून परत आलेला नाही.

सुरुवात इथूनच होते की राजूर शहर आहे की खेडं, हेच ठरलेलं नाही. जनगणनेच्या लेखी आम्ही शहर. त्यासाठी तीन अटी असतात: वस्ती किमान पाच हजार, दर चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी पंचाहत्तर टक्के शेतीबाहेरचे. खाण आणि चुनाभट्ट्यांनी आम्हाला या परीक्षेत पास केलं. पण कारभार ग्रामपंचायतीचा. म्हणजे मोजायला शहर आणि नाली साफ करायला खेडं. याचा घराच्या भावाशी थेट संबंध आहे. घर विकायचं असलं की आमचा माणूस शहरात राहतो आणि घरटॅक्सची पावती आली की त्याच ओसरीवर बसून खेड्यात राहतो.

कॉलरीतून निवृत्त झालेले आमचे शेजारी काकाजी या कलेत पारंगत. त्यांच्या स्लॅबच्या घराचा भाव ते रोज सकाळी ठरवतात आणि दुपारपर्यंत पाळतात. “आपल्या घराले चाळीस लाख कुठं गेले नाई,” ते म्हणतात. चाळीस लाख कुठे गेले नाहीत हे खरं आहे, कारण ते अजून कुठून आलेलेच नाहीत. मी एकदा हिशेब मांडला. पंधरा वर्षांपूर्वी आठ लाखांत घर झालं होतं आणि एक खरा गिऱ्हाईक सोळा लाख म्हणून गेला होता. पंधरा वर्षांत दुप्पट. बहात्तरला वर्षांनी भागायचं, की दरसाल किती टक्क्यांनी वाढलं ते अंदाजे कळतं. बहात्तर भागिले पंधरा, पाचालाही थोडं कमी. “काकाजी, यापेक्षा पोस्टात ठेवले असते तर बरे वाढले असते.”

काकाजींनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. “पोस्टात ठेवले असते, मंग रायलो कुठं असतो? पोस्टात?”

अर्थशास्त्राच्या पुस्तकात ही बाब घरमालकाला स्वतःच्याच घरातून मिळणारं न दिसणारं भाडं म्हणून दोन-तीन पानं घेते. काकाजींनी ती तंबाखू मळता मळता संपवली.

भाच्यानं मात्र आकड्यांचा नाद सोडला नाही. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला घरांच्या किमतींचा निर्देशांक काढते. आधी दहा शहरांचा होता, २०२५ मध्ये २०२२-२३ हे पायाभूत वर्ष धरून तो अठरा शहरांचा झाला, आणि नव्या आठांत नागपूर आलं. शिवाय राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेचा रेसिडेक्स आहे, २००७ पासूनचा, आता पन्नास शहरांचा. त्यातही नागपूर आहे. वणी नाही, यवतमाळ नाही, राजूरचा तर प्रश्नच नाही. भाच्यानं तोडगा काढला: नागपूरचा टक्का घ्यायचा आणि राजूरला लावायचा. पानठेल्यावर ही पद्धत लगेच मंजूर झाली, कारण ती आधीपासून चालूच होती. बेसा आणि मनीषनगरात कुणा नातेवाइकानं फ्लॅट कितीला घेतला, यावर आमच्या कवेलूच्या घरांचे भाव अनेक वर्षं ठरत आले आहेत.

समजा, कुणी राजूरचा खास निर्देशांक काढायचा ठरवलाच. एका साली गावात दोन घरं विकली जातात, दोन्ही टिनाची. दुसऱ्या साली एकच विकलं जातं, पण ते दुमजली, बोअरसकट, वॉल कंपाउंडसकट. सरासरी काढली की गावाचा भाव एका वर्षात तिप्पट! प्रत्यक्षात एकाही घराची किंमत हललेली नाही, फक्त विकायला निघालेलं घर बदललं. म्हणून मोठे निर्देशांक काढणारे लहान घरं, मध्यम घरं, मोठी घरं असे गट पाडतात, प्रत्येक गटाला वजन देतात आणि ते वजन पायाभूत वर्षाचं धरतात. आमच्याकडे गट पाडले तर एकेका गटात पाऊण घर येईल.

मग उरतो सरकारी कागद. नोंदणी व मुद्रांक विभाग दर वर्षी १ एप्रिलला बाजारमूल्य दर तक्ते लावतो, ज्याला सगळा महाराष्ट्र रेडी रेकनर म्हणतो. दोन वर्षं हे दर होते तिथंच ठेवले होते, १ एप्रिल २०२५ ला ते राज्यभरात सरासरी ३.८९ टक्क्यांनी वाढवले. त्या दिवशी काकाजींनी पेपर वाचला आणि घर चाळीसवरून पंचेचाळीसवर नेलं. साडेबारा टक्के. मी विचारलं, सरकार चार टक्केही म्हणत नाही. ते म्हणाले, “सरकार भीत भीत बोलते.”

रेडी रेकनर हा भाव नव्हे, मुद्रांक शुल्कापुरता धरलेला किमान आकडा आहे, हे मी पानठेल्यावर अनेकदा सांगून पाहिलं. खरा व्यवहार पाहायचा तर सूची क्रमांक दोन पाहावी. घरी बसून विभागाच्या ई-सर्चवर दिसते, गावाचं नाव आणि मिळकतीचा क्रमांक टाकायचा. त्या कागदात एकाखाली एक दोन ओळी असतात. एक ‘मोबदला’, दुसरी ‘बाजारभाव’. सरकारनं स्वतःच्या कागदावर, स्वतःच्या शिक्क्याखाली मान्य केलंय की एका घराला दोन किमती असतात. शुल्क जी जास्त असेल तिच्यावर. मला या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं. तिसऱ्या किमतीला मात्र त्यांनी ओळ ठेवलेली नाही.

ती तिसरी किंमत पिशवीतून येते. २०१५ च्या जूनपासून घर-जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घेता येत नाही, असा आयकराचा नियम आहे. नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. म्हणून इसाराच्या वेळी रोख मोजताना कुणीही मोठ्यानं मोजत नाही. बाहेरगावचे लोक याला काळा पैसा, पांढरा पैसा म्हणतात. आम्हाला या शब्दांचं अप्रूप नाही. जमिनीखालून काळं निघतं, भट्टीतून पांढरं, आणि दोन्ही एकाच रस्त्यानं, एकाच ट्रकच्या दोन फेऱ्यांत बाहेर जातात. ज्या गावानं पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही रंगांचं वजन करून पोट भरलं, तिथं व्यवहारात नेमकं किती काळं आणि किती पांढरं, हे सांगायला सीए लागत नाही. नवख्या गिऱ्हाइकाला चुना लावायची सोय तर गावातच आहे.

मोजमापाची वेगळीच गंमत. सरकार चौरस मीटरमध्ये बोलतं. दलाल चौरस फुटात. सातबारा हेक्टर-आरमध्ये. शेतकरी एकरात. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेला साहेब गुंठ्यात. एक एकर म्हणजे त्रेचाळीस हजार पाचशे साठ चौरस फूट, एक गुंठा एक हजार एकोणनव्वद, एक चौरस मीटर दहा पूर्णांक शहात्तर. एका व्यवहारात मी दोन पार्ट्यांना अर्धा तास भावावरून भांडताना पाहिलं. शेवटी निघालं ते असं की दोघांचा भाव एकच होता. एकजण मीटरचा सांगत होता, दुसरा फुटाचा ऐकत होता. गैरसमज दूर झाल्यावर दोघंही उदास झाले आणि नव्यानं भांडायला विषय शोधू लागले.

पण भाव हलतो कशानं? भाच्याला वाटतं, व्याजदरानं. त्याच्याकडे ते बरोबर आहे. २०२२ च्या मे महिन्यापासून रिझर्व्ह बँकेनं रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहापर्यंत चढवला तेव्हा त्याच्या गृहकर्जाची मुदत त्याच्या निवृत्तीच्या पलीकडे गेली. २०२५ मध्ये तो उतरत सव्वापाचवर आला, तेव्हा मुदत निवृत्तीच्या अलीकडे आली आणि त्यानं घरी पेढे वाटले. हे वारे राजूरपर्यंत येता येता थांबतात. कारण बँक कर्ज देताना एन.ए.चा आदेश मागते, मंजूर नकाशा मागते, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट मागते. आमच्याकडे असतो नमुना आठचा उतारा. त्यावर घराचं वर्णन असतं, टॅक्स असतो, आणि बँक मॅनेजरच्या चेहऱ्यावर येणारं हसू असतं. गावठाणातल्या घरांना ड्रोननं मोजून सनद द्यायची स्वामित्व योजना २०२० च्या एप्रिलमध्ये जाहीर झाली. गावावरून ड्रोन उडताना पाहण्याची कल्पना सगळ्यांना आवडली. शेजाऱ्याच्या भिंतीचा फूट कुणाकडे निघेल, या कल्पनेनं झोप उडाली. ते असो. सांगायचं एवढंच की रेपो दर उतरला म्हणून राजूरच्या गावठाणात कुणी घर घेतल्याचं ऐकिवात नाही.

आमचा भाव हलतो तो वेतन करारानं. कोळसा कामगारांचा अकरावा राष्ट्रीय वेतन करार २० मे २०२३ ला झाला. लागू १ जुलै २०२१ पासून, किमान लाभ एकोणीस टक्के. म्हणजे तेवीस महिन्यांची थकबाकी एकदम. ‘एरिअर्स’ हा शब्द त्या साली राजूरमध्ये देवाच्या नावाइतक्या वेळा उच्चारला गेला. एरिअर्स खात्यात पडायच्या आधीच वणी रोडला ले-आऊटचे चुन्याचे पट्टे पडले, आणि कोपऱ्यावरच्या प्लॉटला फुटामागे पन्नास रुपये जास्त असा नियम झाला. गंमत म्हणजे त्या ले-आऊटमध्ये सगळेच प्लॉट कोपऱ्यावर होते. जे नव्हते त्यांच्या शेजारून ‘पुढेमागे रस्ता निघणार’ होता.

दुसरा हंगाम दसऱ्याचा. दुर्गापूजेच्या आधी कोल इंडिया कामगारांना कामगिरीवरचं बक्षीस देते, ज्याला इकडे सरळ बोनस म्हणतात. २०२३ ला पंच्याऐंशी हजार, २०२४ ला त्र्याण्णव हजार सातशे पन्नास, २०२५ ला एक लाख तीन हजार. हे आकडे वेकोलिच्या, म्हणजे इथल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, कामगारापेक्षा प्लॉटच्या दलालाला जास्त पाठ असतात. इसाराची रक्कम बरोबर तेवढीच ठरते. इसार म्हणजे सौद्याचा पहिला हप्ता अशी माझी समजूत होती. राजूरमध्ये इसार म्हणजे यंदाचा बोनस. उरलेली रक्कम ‘पुढच्या बोनसले पाहू’. कंत्राटी कामगाराला हा बोनस नाही, म्हणून कागदावरच्या नव्या ले-आऊटमध्ये तो नाही. तो त्याच ले-आऊटमध्ये खड्डे खणताना दिसतो.

तिसरा हंगाम कापसाचा. २०२२ च्या सुरुवातीला कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला, तेव्हा शेतातून सरळ प्लॉट पाहायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, शर्टाला बोंडाचा कचरा तसाच. पुढे भाव उतरले, आणि प्लॉटवाले भाऊ त्यांना आता हमीभावाच्या गोष्टी सांगतात. २०२५-२६ ला लांब धाग्याला आठ हजार एकशे दहा. “भाऊ, कापसाले हमीभाव हाय, प्लॉटले तं तोबी नाई,” असं एका शेतकऱ्यानं म्हटलं तेव्हा भाऊंनी त्याला प्लॉट दाखवायचं थांबवलं. असा माणूस बाकीच्यांना बिघडवतो.

आणि या सगळ्यांच्या वर ‘सेक्शन’. बाहेरच्यांना हा शब्द कळणार नाही. कोळसाधारक क्षेत्र संपादनाचा १९५७ चा कायदा आहे. त्याचं कलम चार म्हणजे सरकार इथं कोळसा शोधणार. कलम सात म्हणजे घेण्याचा विचार आहे. कलम नऊ म्हणजे घेतलं. गावात म्हणतात, अमुक मौजाला सेक्शन लागलं. जमिनीत कोळसा असणं आणि जमिनीला सेक्शन लागणं यात फरक काय, हे पोरंही सांगतात: कोळसा खाली असतो, सेक्शन वर्तमानपत्रात. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दोन एकराला एक नोकरी आली. वेकोलिचे त्या सुमाराचे दर पडीतला एकरी सहा लाख, कोरडवाहूला आठ, ओलिताला दहा. पण पैशापेक्षा नोकरी मोठी. म्हणून दीड एकरवाला अर्ध्या एकराच्या शोधात निघतो. त्याला दोन भरायचेत. मग तो अर्धा एकर, ज्यात काळी माती कमी आणि गोटे जास्त, तो एका ओलिताच्या एकरापेक्षा महाग जातो. जमिनीचा भाव क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो असं शाळेत शिकवतात. त्या मास्तरांना अर्धा एकर कमी पडलेला नसतो.

वाईट बातमीचंही आम्ही सोनं करतो. खाण बंद पडणार अशी हवा उठली की भाव वाढतो, कारण आता जमीन मोकळी होणार, धूळ जाणार, वणी शहर इकडेच सरकणार. नवी खाण उघडणार अशी हवा उठली तरी भाव वाढतो, कारण मोबदला येणार. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची आखणी जिल्ह्याच्या दुसऱ्या अंगानं आहे, आमच्यापासून बरीच लांब. त्यानंही भाव वाढला. मी प्लॉटवाल्या भाऊंना नकाशा दाखवला. ते म्हणाले, “सर, रस्ता लांबूनच जायले पायजे. जवळून गेला तं प्लॉटच रायत नाई.” भाव कमी होईल अशी एकही बातमी मी आजवर शोधू शकलो नाही. खूप शोधली, कारण मलाही एक प्लॉट हवा होता.

ब्लास्टिंगचं मात्र कुणी नाव काढत नाही. उघड्या खाणीत सुरुंग उडाला की आसपासच्या वस्त्यांत भांडी वाजतात आणि भिंतींना भेगा जातात. घर दाखवायची वेळ म्हणून सगळे सांभाळून देतात. गिऱ्हाईक सकाळी आला तर चहा, दुपारी येतो म्हणाला तर “दुपारी उन व्हते, नका तरास घेऊ.” एकदा एक हुशार गिऱ्हाईक न सांगता दुपारीच आला. तो दिवाणखान्यात उभा, वरून पापुद्रा पडला. घरमालक क्षणभर गप्प झाला, मग म्हणाला, “रंग जुना हाय. रंगाचे पैसे कमी करू.” भेगांवर चुना फासायची मुबलक सोय असल्यानं आमची घरं विकायच्या आधी फार पांढरी दिसतात. पावसाळ्यात घर घ्यावं, असं जाणते सांगतात. तोवर कोळशाच्या धुळीनं चुन्याचं आणि पाण्यानं भेगेचं खरं काय ते सांगून झालेलं असतं.

नवं बांधणं सोपं आहे असंही नाही. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीसवरून अठरा टक्के झाला, लोक खूश झाले, आणि मग रेतीचा भाव विचारायला गेले. २०२३ च्या धोरणात ब्रासला सहाशे रुपये जाहीर झाले होते. त्या सहाशेच्या रेतीबद्दल मी ऐकलंय तेवढंच. आमच्याकडे वर्धा आणि पैनगंगा दोन्ही नद्या लांब नाहीत, पण रेती रात्री येते, आणि रात्रीचा भाव धोरणात लिहिलेला नसतो. घरकुलवाल्याला मैदानी भागात मूळ अनुदान एक लाख वीस हजार, पंचवीस चौरस मीटरच्या घराला. त्यात पायाच्या वर घर येईल इतकी बेरीज जो करून दाखवेल त्याला आम्ही सरपंच करू.

एक गोष्ट मात्र मी पाहून ठेवली आहे, आणि भाच्याला त्याच्या कामासाठी सांगितली. मागितलेला भाव ऐकायचा नाही, भाडं विचारायचं. भावात माणूस स्वप्न मिसळतो, भाड्यात मिसळता येत नाही, कारण ते दर महिन्याला खरंच कुणालातरी द्यावं लागतं. काकाजींचं अख्खं घर भाड्यानं गेलं तर महिना पाच हजार. वर्षाचे साठ हजार. चाळीस लाखांवर दीड टक्का. वाकडचा फ्लॅटवालाही या आकड्याला नाक मुरडेल. चाळीस लाख खरे असतील तर काकाजींनी घर विकून, पैसे बँकेत टाकून, आपल्याच घरात भाड्यानं राहावं. वर दर वर्षी तीर्थयात्रा होईल. हा हिशेब मी त्यांना कागदावर मांडून दिला. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला दाखवला. ‘चाळीस लाख’ एवढंच वाचता येईल अशी घडी घातली होती.

तरी गावात घरं विकली जातात. क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेला कामगार निवृत्त होतो, क्वार्टर सोडायला लागतो. कुणी तेलंगणात परत जातो, कुणी छत्तीसगडला, कुणी उत्तर प्रदेशात. ज्यानं इथंच मुलं वाढवली तो इथं दोन खोल्या शोधतो. मुलं नागपूर-पुण्याला. त्यांना बापाचं घर नको असतं. त्याचा भाव मात्र दर दिवाळीला हवा असतो. असाच एक सौदा परवा वणीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात झाला. घर घेणाऱ्यानं बायकोच्या नावावर घेतलं. १ एप्रिल २०२१ पासून बाईच्या नावावर निवासी घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, आणि राजूरमधल्या अनेक पुरुषांना पत्नीविषयीचा आदर त्या तारखेपासून वाढलेला जाणवतो.

संध्याकाळी पानठेल्यावर सगळे जमले. कितीला गेलं? विकणारा म्हणाला, बावीस. घेणाऱ्याचा मेहुणा म्हणाला, सतरा. सूची दोनवर काय येईल यावर चहाची पैज लागली. काकाजींनी बावीस पकडला, आणि आपलं घर त्याहून दोन गल्ल्या पुढे, बोअरवालं म्हणून पन्नासवर नेलं. मी सतरा धरला आणि माझ्या प्लॉटची आशा पुन्हा जिवंत केली. भाच्याला फोन लावून दोन्ही आकडे दिले. त्यानं सरासरी काढली, साडेएकोणीस, आणि विचारलं की या डेटावर कितपत भरवसा ठेवायचा.

तेवढ्यात सौदा जुळवणारे प्लॉटवाले भाऊ आले. त्यांनी दोन्हीकडून एकेक टक्का घेतल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. विकणाऱ्यानंही तेच सांगितलं होतं, घेणाऱ्यानंही. अख्ख्या व्यवहारात दोघांचा एकमेकांशी जुळणारा तेवढाच एक आकडा. काकाजींनी पान लावायला सांगितलं आणि अगदी गोडीत विचारलं, “भाऊ, टक्का कोनत्या भावावर धरला?”

भाऊंनी खिशातून मोबाइल काढला, कुणाचा फोन नसताना कानाला लावला आणि म्हणाले, “हो हो, आलोच. मौक्यावरच हाव.”